पुसलेली चौथी ओळ

काकांशी कुठल्याही विषयावर बोलायला सुरुवात केली, तरी तिसऱ्या वाक्याला रोम यायचं. हे मी मोजून बघितलेलं आहे. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आल्यावर पहिल्याच दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी त्यांना विचारलं, "काका, इथे चांगली कोथिंबीर कुठे मिळते?" त्यांनी एका दुकानाचं नाव सांगितलं. मग त्या दुकानाच्या दारावरची कमान खोटी आहे, नुसतं प्लास्टर गोल करून लावलंय, असं सांगितलं. आणि खरी कमान बघायची तर रोमच्या फोरममधली सेप्टिमियस सेव्हेरसची, असं म्हणून खिशातून फोन काढला. फोनमध्ये त्या एकाच कमानीचे जुन्या अल्बममधून उतरवलेले काही शे फोटो होते. ते सगळे बघून होईपर्यंत पुलाव संपला आणि मी दुकानाचं नाव विसरलो. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून पुढे दोन महिने आमच्या घरी पोह्यांवर कोथिंबीर नव्हती.

काका नात्याचे नव्हेत, इथल्या मराठी मंडळात सगळेच त्यांना काका म्हणत; मूळचे ते कराडचे. तरुणपणीच डेट्रॉइटकडे आले आणि रिटायर होईपर्यंत एकाच कामात राहिले, गाडीच्या दारांच्या चौकटींची ड्रॉइंगं काढायची. अख्ख्या गाडीशी त्यांचा संबंध नसे. दार जिथे बसतं ती मोकळी जागा, तिच्या भोवतीचा पत्रा, त्या पत्र्याचा साचा, एवढंच त्यांचं राज्य. "भोक पाडणं सोपं असतं," ते म्हणायचे, "भोकाच्या वरचं वजन कोण सांभाळणार, हा प्रश्न आहे." त्यांना कमानीचं वेड का लागलं असेल याचा माझ्यापुरता उलगडा मी या वाक्यावरून केला होता. तो त्यांना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, "नाही रे, मला ती आवडली म्हणून आवडली."

रोमला ते आयुष्यात एकदाच गेले होते, तीसेक वर्षांपूर्वी, काकूंबरोबर. त्या सहलीची हकिकत काकूंच्या तोंडून ऐकावी. "चार दिवस होतो आम्ही. त्यातले तीन दिवस हे एका दगडासमोर उभे. मी एका गुजराती ग्रुपबरोबर बाकीचं रोम बघून आले. त्यांनी मला थेपले पण दिले. डिव्होर्सचा विचार आला होता, पण रिटर्न तिकिटं एकत्र काढलेली होती." हे सांगताना काकू कांदा चिरत असायच्या आणि काका शेजारीच बसून मान हलवत असायचे, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे.

त्या कमानीची गोष्ट काका सांगायचे ती कराडच्या पारावर सांगावी तशी. "सेव्हेरस बाहेरगावचा माणूस. आफ्रिकेचा. रोममध्ये राहून राजा झाला, पण बोलायला लागला की उच्चारात गाव यायचं. आपल्यासारखंच. मग पूर्वेकडे जाऊन पार्थियन लोकांना हरवलं, आणि त्याच्या सन्मानासाठी ही कमान उभी राहिली. वर चार-सहा घोड्यांचा रथ, रथात हा आणि याची दोन पोरं. पुढे काय झालं? रथ गेला. कमान अर्ध्यापर्यंत मातीत गाडली गेली. लोकांनी तिच्या आत दुकानं थाटली. विजयाच्या कमानीत माणूस उभा राहून चपला घासाघीस करून घेतोय, विचार कर." या शेवटच्या वाक्याला ते इतके खूश व्हायचे की चपलांचा पुरावा मी कधी मागितला नाही.

खाली खांबांच्या बैठकीवर हरलेल्या पार्थियन कैद्यांची चित्रं कोरलेली आहेत. त्यांचे हात बांधलेले आणि शेजारी रोमन शिपाई. काकांनी त्या कैद्यांना नावं ठेवली होती. टोपीवाला तो बाबूराव, मान खाली घालून चाललाय तो अंता, आणि ज्याचं नाक झिजून गेलंय तो सदाशिव. "राजाचं नाव वर हातभर अक्षरांत लिहिलंय. यांचं कुणीच लिहिलं नाही. कुणीतरी ठेवायला नको?" माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने तो फोटो निरखून बघितला आणि विचारलं, "इज बाबूराव ओके?" काकांनी तिला गंभीरपणे सांगितलं, "नॉट रिअली, बेटा." पुढे कितीतरी दिवस ती झोपताना बाबूरावांची चौकशी करत असे.

काकांची एक खोड मात्र मला सहन करावी लागली. रोमन सेनापती जिंकून आला की त्याची मिरवणूक निघायची, आणि रथात त्याच्या पाठीमागे म्हणे एक गुलाम उभा असायचा. सेनापतीच्या डोक्यावर मुकुट धरायचा आणि कानात सांगत राहायचं, तू माणूस आहेस हे विसरू नकोस. काकांना हे पद अतिशय आवडलं होतं. ते त्यांनी स्वतःहून स्वीकारलं होतं. मला सीनियर मॅनेजरचं प्रमोशन मिळालं तेव्हा मी घरामागच्या हिरवळीवर पार्टी दिली आणि कुणीही आग्रह न करता भाषण केलं. टीमवर्क, व्हिजन, जर्नी, असं रंगात आलं होतं. इतक्यात मागून आवाज आला, "तू मर्त्य आहेस. आणि शर्टाला मागच्या बाजूने इस्त्री राहिलीय." मी भाषण आवरतं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या काकांसाठी होत्या हे मला कळत होतं.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायची तर माझ्या मनात तेव्हा काय होतं ते आधी कबूल करायला हवं. मला मंडळाचं अध्यक्ष व्हायचं होतं. ज्या मंडळात दोनशे कुटुंबं आणि त्यांतली दीडशे फक्त गणपतीच्या जेवणाला येणारी, अशा मंडळाचं अध्यक्ष होऊन काय मिळतं, असं माझ्या बायकोने विचारलं होतं. पण पाहिजे होतं. त्या वर्षी मी सेक्रेटरी होतो, मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, आणि अध्यक्ष ज्याचं नाव पुढे करतील तो पुढच्या वर्षी बिनविरोध येतो अशी पद्धत होती. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. मी त्या वर्षी दोनदा रूट कॅनाल करून घेतलं. त्यातलं एक गरजेचं होतं.

गणपती दरवर्षी आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये बसवायचो, शनिवार-रविवार बघून. पंचविसाव्या वर्षी दारात काहीतरी भव्य पाहिजे, असं कमिटीत ठरलं. मी म्हटलं, विजयाची कमान करू, काका करतील. काका एका अटीवर तयार झाले. खिळा नाही, गोंद नाही, टेप नाही. "चिकटवलं की ती कमान नाही, ते पोस्टर." घरांच्या भिंतीत घालतात ते फोमचे जाड गुलाबी बोर्ड आणायचे, त्यांचे पाचरीसारखे तुकडे कापायचे, सेंटरिंगच्या तात्पुरत्या लाकडी आधारावर एकाला एक टेकवून रचायचे, माथ्यावर मधोमध शेवटची पाचर, म्हणजे चावीचा दगड, बसवायचा आणि सेंटरिंग काढून घ्यायचं. मग प्रत्येक तुकडा शेजाऱ्याच्या अंगावर रेलून उभा राहतो. "कुणालाच पडायला जागा नसते," काका म्हणाले. "इंग्रजी लोक म्हणतात, कमान कधी झोपत नाही, ही हिंदूंची जुनी म्हण आहे. मी जन्मापासून हिंदू आहे, आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पण म्हण चांगली आहे."

तो सगळा उन्हाळा दर शनिवारी सकाळी मी काकांच्या गॅरेजमध्ये होतो. काम ते करत, मी तुकडे धरत असे. काका दर तुकड्याची कड बोटाने चाचपत, पेन्सिलने खूण करत आणि परत कापत. मी एका कानात ऑफिसचा कॉल लावलेला. त्या शनिवारांत त्यांनी मला सेव्हेरसच्या दोन पोरांची गोष्ट निदान सहा वेळा सांगितली, म्हणजे माझ्यासमोर ती सहा वेळा सांगितली गेली. मी ती ऐकली असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

ऑगस्टमध्ये गॅरेजच्या दारात पहिल्यांदा कमान उभी केली. सेंटरिंग काढायच्या आधी काकांनी एक घडीची खुर्ची आणली, कमानीच्या बरोबर खाली ठेवली आणि तीवर बसले. "ज्याने बांधली त्याने खाली बसायचं. तू पण ये."

"काका, मला लहान मुलगी आहे," मी म्हटलं. अख्ख्या कमानीचं वजन आमच्या घरच्या मिक्सरपेक्षा फार नसेल. तरीही मी ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि तिथून दोरी ओढली. सेंटरिंग घसरून बाहेर आलं. वरचे तुकडे किंचित करकरले, एकमेकांत बसले आणि कमान उभी राहिली. काका हात मांडीवर ठेवून वर बघत बसले. काकू आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि चहाचा कप कमानीच्या बाहेरूनच हात लांब करून त्यांना दिला.

कमानीच्या डोक्यावर एक लांब पाटी होती, दगडी रंग दिलेली. सेव्हेरसच्या कमानीवर आहे तशी अक्षरं तिच्यावर पाहिजेत, हा माझा आग्रह. मी घरी मशीनवर सोनेरी कार्डशीटची अक्षरं कापली. गोंदाला बंदी असल्यामुळे ती टाचण्यांनी टोचायची ठरलं. पहिल्या ओळीत रौप्यमहोत्सवी गणेशोत्सव. दुसरीत अध्यक्षांचं नाव, डॉक्टर ही उपाधी लावून. तिसरीत सेक्रेटरींचं नाव, जे मी इतरांपेक्षा एक बोट मोठं कापलं होतं. मग मला थोडी लाज वाटली, आणि चौथ्या ओळीत मी लिहिलं, कमानरचना, आणि पुढे काकांचं पूर्ण नाव.

"माझं कशाला?" काका म्हणाले. मग ते पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. आडनावातलं एक अक्षर जरा तिरकं होतं, ते काढून त्यांनी सरळ टोचलं. आणखी चार टाचण्या मारल्या. फोटो काढला आणि टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहणाऱ्या आपल्या मुलीला पाठवला. त्या दिवशी निघताना काकू मला गाडीपर्यंत सोडायला आल्या. "इतकी वर्षं गाड्या केल्या यांनी," त्या म्हणाल्या. "गाडीवर कंपनीचं नाव असतं. दार कुणी काढलं, ते कोण विचारतं? बरं केलंस हो." मी घरी जाईपर्यंत स्वतःवर अतिशय खूश होतो.

गणपतीच्या दोन आठवडे आधी मंडळाची सर्वसाधारण सभा झाली. अध्यक्ष माइकसमोर उभे राहून आपल्या कारकिर्दीतल्या कामगिरीची यादी वाचत होते. पार्किंगची सोय हा मुद्दा पंधरा मिनिटं चालला. काका हळूच उठले, चहाच्या टेबलाकडे जातात असं वाटलं, आणि ते अध्यक्षांच्या पाठीमागे जाऊन थांबले. "डॉक्टर, आपण मर्त्य आहोत," काका म्हणाले. एरवी ते फक्त अध्यक्षांनाच ऐकू गेलं असतं, पण माइक चांगल्या प्रतीचा होता. त्या माइकची खरेदी हा यादीतला पुढचाच मुद्दा होता. हॉल हसून हसून लोळला. अध्यक्षही हसले, सगळे दात दाखवून. त्यांचं ते हसू मला खुर्चीत आडवं पडून तोंड उघडं ठेवल्यामुळे चांगलं माहीत होतं, ते खरं नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारपासून, आम्ही शाळेत सामान लावत होतो. कमान शनिवारी सकाळी उभी करायची होती. पाटी दाराजवळच्या लॉबीत भिंतीला टेकवून ठेवलेली. काकांचं जेवण संध्याकाळी सहाला असे, त्यात पाच मिनिटांचा फरक पडलेला मी पाहिला नाही. ते घरी गेले आणि अध्यक्ष पाहणीला आले. त्यांनी पाटी वाचली. दुसऱ्या ओळीपाशी ते थोडे रेंगाळले आणि चौथीपाशी थांबले.

"हे नाव काढून टाक," ते म्हणाले. "डेकोरेशनमध्ये बाकीच्यांनी पण काम केलंय यार, एकाचंच नाव ऑड दिसतं."

बाकीच्यांनी म्हणजे मी तुकडे धरले होते. हे मी त्यांना सांगू शकलो असतो. "पण काकांना..." एवढं म्हणालो.

"लुक, नेक्स्ट इयरचं नॉमिनेशन मी संडेला अनाउन्स करतोय. तुला माहितीय."

"डन," मी म्हटलं. इंग्रजीत हो म्हणणं फार सोयीचं असतं.

ते गेले. हॉलमधली मंडळी आत खुर्च्या लावत होती. मी लॉबीत गुडघे टेकून बसलो आणि काकांचं नाव काढलं, एकेक अक्षर, टाचण्या चिमटीत धरून. ओळ रिकामी राहिली तर लोक विचारतील, म्हणून स्टेजच्या पडद्यासाठी कापून आणलेली एक ओळ तिथे टोचली, कार्यक्षम व धडाडीचे कार्यकारी मंडळ. ती नीट मधोमध बसली. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला ते चांगलं दिसलं.

काका सातच्या सुमाराला परत आले, बरोबर काकू. दुपारपासून मी तिथेच आहे म्हणून काकूंनी माझ्यासाठी डबा आणला होता, थालीपीठ आणि लोणी. ऊन उतरलं होतं आणि काचेच्या दारांतून आडवं आत येत होतं, थेट पाटीवर. त्या तिरक्या उन्हात दगडी रंगावर टाचण्यांची बारीक भोकं उमटली होती, सोनेरी अक्षरांच्या वर, खाली, मध्ये, पसरलेली. काका आत आले ते तिथेच थबकले. चष्मा कपाळावर ढकलला, वाकले, आणि भोकांवरून बोट फिरवत वाचायला लागले. पहिलं नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं. आडनाव वाचलं. मग त्यांनी वर टोचलेली नवी ओळ मोठ्याने वाचली, "कार्यक्षम व धडाडीचे."

"अगं, इकडे ये," ते काकूंना म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता. "हे बघ. गेटा."

तेव्हा मला ती गोष्ट सातव्यांदा सांगितली गेली आणि मी पहिल्यांदा ऐकली. सेव्हेरसचे दोन मुलगे, कॅराकॅला आणि गेटा. बाप गेल्यावर थोरल्याने धाकट्याला आईच्या मिठीत मारलं आणि राज्यभर जिथे जिथे त्याचं नाव असेल तिथून ते खरवडून काढायला लावलं. कमानीवरून काढलं ते चौथ्या ओळीतून. जागा रिकामी दिसायला नको म्हणून तिथे राहिलेल्या दोघांचं, बापाचं आणि थोरल्याचं, कौतुक लिहिलं, उत्तम आणि शूर राजे, अशा अर्थाचं. पण जुनी ब्राँझची अक्षरं जिथे रोवली होती त्याची भोकं दगडात राहिली. आजही लोक त्या भोकांवरून गेटाचं नाव वाचतात.

"चौथ्याच ओळीतून," काका म्हणाले. "आणि कौतुक पण तसंच घातलंस. कुणी शिकवलं तुला?"

"काका, मी नाही, ते अध्यक्ष म्हणाले..."

"ते कळलं मला. हुकूम कुणाचा होता ते इतिहासात असतंच. पण शिडी लावून ज्याने ती अक्षरं हाताने काढली, तो कोण, त्याला काय वाटलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी तीस वर्षं शोधतोय. फोटो मोठे करून करून बघतो." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला नीट बघितलं. रागावलेले ते अजिबात नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "तू सांग. काढताना कसं वाटलं?"

"खूप वाईट वाटलं, काका," मी म्हटलं.

भाजीवाला आजचीच आहे म्हणतो तेव्हा आपण मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली. काकू इतका वेळ पाटीकडे बघत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. हातातला डबा त्यांनी बाकावर ठेवला, "गार व्हायच्या आत खा," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मी ते थालीपीठ खाल्लं. नंतर पिझ्झा आला, त्याचेही दोन तुकडे खाल्ले.

शनिवारी काका वेळेवर आले, कमान उभी केली, खाली खुर्ची टाकून बसले, मी लांबून दोरी ओढली. सगळं नीट झालं. ढोल-ताशात गणपती कमानीखालून आत आला. लोकांनी फोटो काढले, अध्यक्षांनी धडाडीच्या सेक्रेटरींचे आभार मानले, आणि रविवारी माझं नाव जाहीर झालं. मी पाच मिनिटं बोललो. मागे कुणी येऊन उभं राहतंय का म्हणून मी दोनदा वळून बघितलं. काका हॉलच्या शेवटच्या रांगेत बसून मोदक खात होते.

माझ्या अध्यक्षपणाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की पार्किंगची सोय माझ्या काळातही झाली नाही. काकांकडे जाणं कमी झालं. जायचं म्हटलं की काहीतरी काम निघायचं आणि नाही निघालं तर मी काढायचो. ते मला दिसले की तसेच हसायचे आणि विचारायचे, "मुलगी काय म्हणते?" नाव काढताना कसं वाटलं, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वसंतात घर विकून ते दोघं फ्रिस्कोला मुलीकडे कायमचे गेले. निरोपाच्या जेवणाला मी नव्हतो. मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची तीन चित्रं टाकली, अध्यक्ष या नात्याने.

दोन वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी डॅलसला जाणं झालं. पहिले दोन दिवस मी स्वतःला सांगत होतो की फ्रिस्को लांब पडतं. हॉटेलपासून ते पंचवीस मिनिटांवर होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो. दार काकूंनी उघडलं. "ये," म्हणाल्या. आत काका खिडकीशी बसले होते, शेजारी वॉकर. बारीक झाले होते. उत्सव संपल्यावर काकांनी घरी नेलेली ती पाटी भिंतीला टेकून उभी होती, धडाडीच्या कार्यकारी मंडळासकट. "मुलगी म्हणते, तुमचं नाव परत लावून देते," काका म्हणाले. "मी हात लावू देत नाही. आता ती ओरिजिनल आहे."

मी सोफ्यावर बसलो. येताना गाडीत बरंच काही ठरवलं होतं, माफी, परिस्थिती, दबाव, अशी चांगली मांडणी केली होती. ती मी बाजूला ठेवली.

"काका, तुम्ही तेव्हा विचारलं होतं ना, काढताना कसं वाटलं. मी खोटं बोललो."

काकांनी शेजारच्या स्टुलावरची कमानीच्या टिपणांची वही मांडीवर घेतली.

"वाईट वगैरे काही वाटलं नव्हतं. भूक लागली होती. पिझ्झा सात वाजता येणार होता आणि एक्स्ट्रा चीज सांगितलंय की नाही ते मला आठवत नव्हतं. तोच विचार चालला होता."

"मग?"

"आडनावातलं ते एक अक्षर निघेना. तुम्ही जास्तीच्या टाचण्या मारल्या होत्या. तेव्हा राग आला."

"अध्यक्षांचा?"

"नाही. तुमचा. इतक्या टाचण्या कशाला मारायच्या, म्हणून."

काका लिहीत होते. ड्रॉइंगची सवय असलेल्या माणसाचं अक्षर, प्रत्येक सुटं आणि सरळ. "भूक लागेल असं मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "राग येईल, हे नव्हतं सुचलं. ज्याचं नाव पुसायचं त्याचाच राग. बरोबर आहे, तसंच असणार." त्यांनी पान उलटलं. "आणि वाईट कधी वाटलं?"

"तुम्ही बोटाने वाचायला लागलात तेव्हा. आणि काकूंनी डबा ठेवला तेव्हा. आणि मग रोजच, अधूनमधून." मी पाटीकडे बघितलं. "मला क्षमा करा असं म्हणायला आलो होतो."

"ते म्हण ना, कुणी अडवलंय," काका म्हणाले. "पण हे जास्त कामाचं आहे."

स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "खरं बोलला का तो?"

"बोलला."

"मग पानं घेते," काकू म्हणाल्या आणि डाळीला फोडणी बसल्याचा आवाज आला.

काकांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, ते बोथट झालं होतं, म्हणून छोट्या शार्पनरमध्ये फिरवून घेतलं. "खाली नाव घालू का तुझं?" त्यांनी विचारलं. "नको असलं तर नाही घालत. नुसतं एक सेक्रेटरी असं लिहितो."

मंडळाचा फलक, स्मरणिका, वेबसाइट, हॉलच्या बुकिंगचा फॉर्म, जिथे जिथे म्हणून जागा मिळाली तिथे माझं नाव मी स्वतः घातलेलं आहे, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी काम दुसऱ्याने केलेलं होतं. हे काम मात्र सगळं माझ्या हातचं होतं. मी काकांना सांगितलं, घाला. त्यांनी माझं नाव लिहिलं, माझ्या वडिलांचं नाव विचारून घेऊन तेही लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि चूक राहायला नको म्हणून वही माझ्यापुढे धरली. मी ते पूर्ण वाचलं आणि बरोबर आहे म्हणालो.